‘नेहमी’ या शब्दाची किंमत

अमेरिकेत हॉस्पिटलातून सुटून घरी आलेल्या काही रुग्णांना टपालानं एक फॉर्म येतो. पहिलाच प्रश्न असा: या मुक्कामात नर्सेस तुमच्याशी किती वेळा सौजन्यानं आणि आदरानं वागल्या? उत्तरासाठी चार चौकोन. कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. फॉर्म भरणाऱ्याला हे चार चौकोन एकाच मापाचे आणि एकाच तोलाचे दिसतात. तसे ते नाहीत. सरकारी विम्याच्या पैशांचा हिशोब होतो तेव्हा फक्त ‘नेहमी’ मोजतात. ‘बहुतेक वेळा’वर खूण केलीत काय आणि ‘कधीच नाही’वर केलीत काय, हॉस्पिटलच्या पदरात सारखंच पडतं.

या फॉर्मचं नाव एचकॅप्स. लांबलचक नावातला दुसरा शब्द ‘कन्झ्युमर’ आहे, म्हणजे ग्राहक. ‘पेशंट’ हा शब्द नावात कुठेच नाही. नावावरून फार निष्कर्ष काढू नयेत हे मला कळतं, पण आपण इथे कवितांच्या शीर्षकांवर पानंच्या पानं लिहितो, तर एवढी नोंद करायला हरकत नसावी. दर वर्षी लाखो माणसं हा मजकूर वाचतात, त्यावर खुणा करून परत पाठवतात, आणि त्यावरून हजारो हॉस्पिटलांचे पैसे ठरतात. इतका वाचला जाणारा मजकूर समीक्षेच्या वाट्याला का येत नाही? मी पोटापाण्यासाठी फॉर्मच बनवते (म्हणजे सॉफ्टवेअर, पण दहातली सहा कामं शेवटी फॉर्मची असतात). तेव्हा हा फॉर्म एखाद्या संहितेसारखा वाचून बघावा असं वाटलं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा मजकूर उगाच सरकारी वाटतो. रुग्णांचं मत विचारायचा धंदा त्याआधीपासून होता. १९८५ साली अमेरिकेत अर्विन प्रेस नावाचा मानववंशशास्त्रज्ञ आणि रॉड गॅनी हा सांख्यिकीचा जाणकार, अशा दोन प्राध्यापकांनी ‘प्रेस गॅनी’ ही कंपनी काढली. ती हॉस्पिटलांना सर्वेक्षण विकायची. पण प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, त्यामुळे दोन हॉस्पिटलांची तुलना करायची सोय नव्हती. २००२पासून तिथल्या सरकारी यंत्रणांनी एकच प्रमाण प्रश्नावली तयार करायला घेतली. ऑक्टोबर २००६मध्ये ती देशभर लागू झाली, मार्च २००८मध्ये निकाल पहिल्यांदा जाहीर झाले, आणि ऑक्टोबर २०१२पासून त्या निकालांना पैसे जोडले गेले. मेडिकेअर हॉस्पिटलांना जे देतं त्यातला सुरुवातीला एक टक्का, पुढे वाढत वाढत दोन टक्के, बाजूला काढून ठेवायचा आणि कामगिरीनुसार परत वाटायचा. कामगिरीत रुग्णानुभवाचा वाटा पहिल्या वर्षी ३० टक्के होता, नंतर २५ झाला. दोन टक्क्यांचा पाव हिस्सा म्हणजे चणे-फुटाणे, असं वाटेल. मोठ्या हॉस्पिटलच्या ताळेबंदात ते चणे-फुटाणे नसतात.

या फॉर्ममधली मला मनापासून आवडलेली गोष्ट आधी सांगते. बहुतेक प्रश्नांत तो ‘तुम्ही समाधानी आहात का’ असं विचारतच नाही. काय घडलं आणि किती वेळा घडलं, हे विचारतो. डॉक्टरांनी तुमचं लक्षपूर्वक ऐकलं का? तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितलं का? नवीन औषध देण्याआधी ते कशासाठी आहे हे सांगितलं का? खोली आणि बाथरूम स्वच्छ होतं का? रात्री तुमच्या खोलीच्या आसपास शांतता होती का? हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण त्यामागे बराच वाद आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वी आणि जीन पिकर या दांपत्यानं स्थापलेल्या पिकर इन्स्टिट्यूटनं हा मुद्दा लावून धरला: रुग्णाला मार्क द्यायला लावू नका, त्याला साक्ष द्यायला लावा. समाधान हे अपेक्षेवर अवलंबून असतं. ज्यानं आयुष्यभर धक्के खाल्लेत तो कमी धक्क्यात समाधानी होतो. साक्ष मात्र त्या मानानं टिकते.

मराठीत तर हा मुद्दा आणखी धारदार होतो. ‘पेशंट सॅटिसफॅक्शन’चं आपण सरळ ‘रुग्णसमाधान’ करून टाकलंय. सरकारी परिपत्रकांत आणि खासगी हॉस्पिटलांच्या लिफ्टशेजारच्या फलकांवर हाच शब्द असतो. आता आपल्याकडे ‘समाधानी’ हे विशेषण कोणाला लावतात? सेवा चांगली मिळाली त्याला नव्हे. ज्याचं मागणं कमी आहे, जो कुरकुर करत नाही, त्याला. ‘फार समाधानी बाई होती’ हे वाक्य आपण शोकसभेत ऐकतो. समाधान हा सोसणाऱ्याचा गुण आहे. मग ‘आमचे ९२ टक्के रुग्ण समाधानी’ असं कोणी मिरवलं, तर मराठीत त्याचा खरा अर्थ ‘आमच्याकडे फार गुणी रुग्ण येतात’ असाच होतो. दुसरीकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘समाधानकारक’ हा शेरा कोणाला मिळायचा ते आठवा. जेमतेम पोराला. आणि नेता अतिदक्षता विभागात असला की त्याचीही प्रकृती ‘समाधानकारक’ असते.

पण याच शब्दाचा एक तिसरा अर्थ आपल्याकडे आहे, आणि तो इंग्रजीतल्या शब्दाला नाही. शंकेचं समाधान. एचकॅप्सचे सगळ्यात चांगले प्रश्न नेमके या अर्थाचे आहेत: ऐकलं का, समजावलं का, घरी गेल्यावर कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवायचं ते सांगितलं का. आपल्याकडच्या ‘रुग्णसमाधान’ फॉर्मांनी हा तिसरा अर्थ धरला असता तर निम्मं काम झालं असतं. ते ‘सेवेचा दर्जा: उत्कृष्ट / चांगला / समाधानकारक’ असं विचारत बसतात.

आता फॉर्ममधलं जे मला पटत नाही त्याकडे. ‘फक्त नेहमी मोजायचं’ या पद्धतीला तिथे ‘टॉप बॉक्स’ म्हणतात. शून्य ते दहा या एकूण गुणांच्या प्रश्नातही फक्त नऊ आणि दहा धरतात. आठ देणारा आणि शून्य देणारा एका पंगतीत. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचं तर चार पायऱ्यांचं माप घेऊन त्याचं हो-नाही करून टाकलं. ताप मोजायला थर्मामीटर लावायचा आणि नोंदवहीत फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहायचं, तसं. यामागचा विचार मला समजतो. लोक मुळात चांगलेच गुण देतात, सगळी उत्तरं वरच्या टोकाला दाटीवाटीनं बसतात, आणि सरासरी काढली तर सगळी हॉस्पिटलं सारखीच दिसतात. टोक तेवढं कापून घेतलं की फरक दिसतो. २००८ साली सुमारे २४०० हॉस्पिटलांच्या पहिल्या निकालांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी ६३ टक्के रुग्णांनी आपल्या हॉस्पिटलला नऊ किंवा दहा दिले होते. (२०१५पासून ताऱ्यांची जी पद्धत आली, तिच्यात सगळ्या पायऱ्या धरतात. पैशांच्या हिशोबात मात्र टोकच.)

पण याचा परिणाम बघा. एखाद्या वॉर्डात एक म्हातारा आहे, त्याच्याशी कोणी नीट बोलत नाही. कोणीतरी लक्ष घातलं, आणि त्याचं उत्तर ‘कधीच नाही’वरून ‘बहुतेक वेळा’वर आलं. माणसाच्या दृष्टीनं हा केवढा मोठा फरक! हिशोबात शून्य. त्याच वॉर्डातली दुसरी व्यक्ती आधीच ‘बहुतेक वेळा’ म्हणतेय, तिला थोडं गोंजारून ‘नेहमी’वर नेलं की गुण वाढले. कोणत्याही व्यवस्थापकाला विचारा तो कोणाकडे आधी जाईल. सगळ्यात वाईट अवस्थेतल्या माणसावर केलेली मेहनत न मोजणारं माप असं यातून तयार झालं. कोणी दुष्टपणा केला म्हणून नव्हे, गणितातूनच.

आणि ‘नेहमी’ हा शब्द तरी कसला! माणसं आपल्या आईबद्दलही ‘नेहमी’ म्हणताना अडखळतात. काही माणसांच्या स्वभावातच ‘नेहमी’वर खूण करणं बसत नाही. हे फॉर्म करणाऱ्यांना माहीत आहे, म्हणून शेवटी ‘तुमच्याविषयी’ असा भाग आहे: शिक्षण किती, तब्येत एकूण कशी, घरी कोणती भाषा बोलता. वाचताना वाटतं, चला, शेवटी का होईना, माझी चौकशी केली. खरं तर ही माहिती घेतात ती तुम्हाला वजा करायला. जास्त शिकलेले लोक कमी गुण देतात, वयस्कर लोक जास्त देतात, स्वतःची तब्येत उत्तम म्हणणारेही जास्त देतात. तेव्हा कोणत्या हॉस्पिटलात कसले रुग्ण येतात हे बघून गुणांत दुरुस्ती करतात. सांख्यिकी म्हणून हे बरोबरच आहे, मी कोड लिहिला असता तर मीही हेच केलं असतं. पण वाचक म्हणून लक्षात येतं, की हा मजकूर माझं ऐकण्यासाठी मला विचारतोय आणि मग माझं ‘मी’पण उत्तरातून गाळून टाकतोय.

कोणाला विचारत नाहीत, हेही वाचलं पाहिजे. मुलांना नाही. मानसोपचारासाठी दाखल झालेल्यांना नाही. आणि जे हॉस्पिटलात वारले त्यांच्या घरच्यांना नाही. जिवंत बाहेर पडणं ही पहिली अट. जे पात्र आहेत त्यांच्यातलेही सुरुवातीच्या काळात सुमारे एक-तृतीयांश उत्तर द्यायचे, आता प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास आलंय. २०२४पर्यंत नियम असा होता, की फॉर्म रुग्णानंच भरायचा, नातेवाइकांनी नाही. २०२५च्या आवृत्तीत ती बंदी उठली, आणि ‘घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची हे तुमच्या कुटुंबीयांना पुरेसं सांगितलं का’ असा प्रश्नही आला. हॉस्पिटलात रुग्णाबरोबर आणखी कोणी असतं, हे या फॉर्मला कळायला जवळपास वीस वर्षं लागली.

आपल्याकडे हा प्रश्न उलटा आहे. माझ्या आजीला मागच्या पावसाळ्यात न्युमोनियासाठी जिल्ह्याच्या गावी एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. दाखल करताना मोबाईल नंबर माझा दिला होता, कारण आजीकडे फोन नाही आणि आत्याचा सतत बंद असतो. चौथ्या दिवशी मी पुण्यात ऑफिसात बसलेले असताना मला मेसेज: ‘आपला अनुभव कसा होता? कृपया रेटिंग द्या.’ मी आत्याला फोन केला. आत्या म्हणाली, ‘एक दे. दोन रात्री मी पायऱ्यांवर झोपलीये, आणि सलाईन संपलंय सांगायला खाली तीनदा जावं लागलं.’ मागून आजीचा आवाज: ‘अगं, दे की पाच. त्या पोरी तरी एकट्या काय काय बघतील?’ आणि बिलावर सही करणाऱ्या काकांचं म्हणणं, आधी डिस्चार्ज तर होऊ दे, सकाळपासून विम्याच्या मंजुरीला थांबलोय. एका रुग्णाचे हे तीन अनुभव आणि चौथीच्या हातात फोन. मी तो मेसेज तसाच ठेवून दिला. त्यांच्या आकडेवारीत आम्ही कुठेच नाही.

आजीच्या त्या वाक्यासाठी मला नंतर एक निबंध सापडला. ब्रायन विल्यम्स, जोआन कॉइल आणि डेव्हिड हिली या तिघांनी १९९८ साली ब्रिटनमध्ये तो प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: सर्वेक्षणात लोक इतके समाधानी का निघतात, जेव्हा प्रत्यक्ष बोलायला बसलं तर त्यांच्याकडे वाईट अनुभवांची यादी असते? त्यांचं उत्तर असं, की रुग्ण अनुभव आणि मूल्यमापन यांच्यामध्ये दोन चाळण्या लावतो. एक, हे करणं त्यांचं कर्तव्य होतं का? दोन, नाही केलं तर दोष त्यांचा होता का? माणसं कमी, वॉर्ड भरलेला, डॉक्टर थकलेले. मग अनुभव वाईट असूनही दोष कोणाचाच नाही, आणि दोष कोणाचा नसेल तर खूण ‘समाधानी’वर. म्हणजे समाधानाचा आकडा जितका वर, तितकं सगळं छान, असं नाही. कधी कधी तो रुग्णानं दिलेल्या माफीचा आकडा असतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसलेल्या माणसाला हा सिद्धांत समजावून सांगावा लागणार नाही.

केंद्र सरकारनं २०१६मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं, ते याच पार्श्वभूमीवर बघायला हवं. रुग्णाच्या मोबाईलवर मेसेज किंवा ध्वनिमुद्रित कॉल, शिवाय ॲप आणि वेबसाइट. असमाधानी म्हणालात तर कारण विचारतात: कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, उपचारांचा दर्जा, खर्च. कल्पना चांगली आहे, आणि सरकारी हॉस्पिटलला रुग्णाचं मत विचारावंसं वाटणं हेच मुळात मोठं आहे. पण कारण विचारायचं ते नाराज माणसाला. खूश माणूस का खूश आहे हे विचारलं, तर विल्यम्सच्या दोन चाळण्या तिथे लगेच दिसतील: ‘फुकटात एवढं तरी केलं’, ‘गर्दीच इतकी होती’. हीच खरी माहिती, आणि तिच्यासाठी बटण नाही.

आता या सगळ्यातलं सगळ्यात वादग्रस्त प्रकरण. एचकॅप्समध्ये सुरुवातीपासून वेदनेवर प्रश्न होते. तुमचं दुखणं किती वेळा नीट आटोक्यात होतं? ते कमी करण्यासाठी कर्मचाऱ्यांनी शक्य ते सगळं किती वेळा केलं? वाचायला यासारखे माणुसकीचे प्रश्न नाहीत. पण अमेरिकेत त्याच काळात अफूजन्य वेदनाशामकांची साथ आली होती, माणसं गोळ्यांनी मरत होती, आणि डॉक्टर म्हणायला लागले की ‘वेदना नेहमी आटोक्यात’ या उत्तराला पैसे लावलेत तर आम्ही गोळी लिहिणारच. हे कितपत खरं होतं? सरकारी यंत्रणेनंच २०१६मध्ये म्हटलं, की या प्रश्नांचा आणि गोळ्या लिहिण्याचा संबंध दाखवणारा अभ्यास आपल्याला माहीत नाही, पण सावधगिरी म्हणून हे प्रश्न पैशांच्या हिशोबातून काढतो आहोत. मग २०१८मध्ये प्रश्न बदलले: दुखणं आटोक्यात होतं का हे जाऊन, दुखण्याविषयी तुमच्याशी बोलले का हे आलं. पुढे संसदेत कायदा झाला आणि ऑक्टोबर २०१९पासून तेही गेले. रात्रीच्या शांततेवर प्रश्न आहे, बाथरूमवर आहे, दुखण्यावर नाही. प्रश्न वाईट होता म्हणून तो गेला नाही. त्याला ‘नेहमी’ आणि पैसे जोडले होते, ती जोडणी सोडवण्यापेक्षा प्रश्नच पुसणं सोपं गेलं.

यावर गुडहार्टचा नियम फेकून मोकळं व्हायची आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना सवय आहे. मी तो टाळते, कारण तो म्हटला की विचार थांबतो. ‘मापच नको’ असं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात लाडका पुरावा २०१२चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५२ हजार प्रौढांची माहिती तपासली. सगळ्यात समाधानी गटाचा एकूण खर्च ८.८ टक्क्यांनी जास्त, आणि त्यानंतरच्या काळातला मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी जास्त. मथळे काय आले असतील याची कल्पना करा. खूश रुग्ण लवकर मरतात! पण त्या अभ्यासातल्या लोकांना मत विचारलं होतं ते वर्षभरात भेटलेल्या डॉक्टरांबद्दल, हॉस्पिटलातल्या एखाद्या मुक्कामाबद्दल नव्हे. शिवाय जास्त आजारी माणूस डॉक्टरांकडे जास्त जातो, त्यांच्याशी नातं जुळतं, तो जास्त गुण देतो आणि मरतोही लवकर. कितीही दुरुस्त्या केल्या तरी ही शंका पूर्ण जात नाही. उलट बाजूला हृदयविकाराच्या रुग्णांवरचा २०१०चा अभ्यास आहे, ज्यात रुग्णांचं मत चांगलं असलेल्या हॉस्पिटलांत उपचारही नियमांना धरून होते आणि मृत्यू कमी होते. रुग्णाला काहीच कळत नाही, त्याला फक्त चांगली उशी हवी असते, असं म्हणणाऱ्या डॉक्टरमंडळींनी हा दुसरा अभ्यासही तितक्याच आवडीनं फॉरवर्ड करावा.

माप नसतं तर काय होतं, आणि असूनही बघितलं नाही तर काय होतं, हे इंग्लंडमधल्या स्टॅफर्डनं दाखवलं. तिथल्या हॉस्पिटलात रुग्ण तासन् तास घाणीत पडून राहायचे, पाण्याचा पेला हाताला लागणार नाही असा ठेवलेला असायचा. ज्युली बेली या बाईंची आई २००७मध्ये तिथे वारली. त्यांनी इतर कुटुंबं गोळा करून आवाज उठवला. २०१३च्या रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी अहवालात तब्बल २९० शिफारशी आहेत. त्या अहवालातला माझ्या लक्षात राहिलेला भाग वेगळा आहे. इशारे होते. तक्रारी होत्या, रुग्णांच्या सर्वेक्षणात खुणा होत्या, मृत्युदराचा आकडा जास्त येत होता. संचालक मंडळाचं लक्ष खर्च कमी करण्याकडे आणि वरचा दर्जा मिळवण्याकडे होतं, आणि तो दर्जा २००८च्या फेब्रुवारीत मिळालाही. मृत्युदर जास्त का येतोय, यावर पहिला संशय त्यांनी कशावर घेतला? कोडिंगवर. निदानाचे सांकेतिक क्रमांक भरण्यात चूक होत असेल. डॅशबोर्ड लाल झाला की आधी डॅशबोर्डच बिघडलाय असं म्हणणारी माणसं मी रोज बघते, पण तिथे लाल रंगाच्या मागे माणसं होती.

ब्रिटिशांच्या प्रश्नावलीत एक गोष्ट आहे जी एचकॅप्सच्या मूळ प्रश्नांत नाही: रिकामी जागा. काय विशेष चांगलं होतं, काय सुधारता येईल, तुमच्या शब्दांत लिहा. एप्रिल २०१३मध्ये त्यांनी ‘आप्तमित्रांना या हॉस्पिटलची शिफारस कराल का’ असा एकच प्रश्न सगळीकडे लावला, त्यावर भरपूर टीका झाली (हॉस्पिटल म्हणजे काय थाळी आहे का, शिफारस करायला?), आणि २०२०मध्ये तो बदलून ‘एकूण अनुभव कसा होता’ असा केला. लोकांनी सोबत लिहिलेला मजकूर सुरुवातीपासूनच आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडत होता.

आपल्याकडे ही रिकामी जागा फार जुनी आहे. अभिप्राय वही. रिसेप्शनवर दोरीनं बांधलेलं पेन, आणि वहीत ‘डॉक्टर म्हणजे देवमाणूस’, ‘सिस्टरताईंनी स्वतःच्या मुलीसारखं बघितलं’, ‘सर्व स्टाफचे आभार’. नाराज माणूस या वहीत लिहीत नाही. तो भिंतीवरच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकतो, जिची किल्ली हरवलेली असते. असले अभिप्राय मशीनला वाचायला द्यायचे, हा माझ्या क्षेत्रातला सध्याचा आवडता उद्योग. इंग्रजीत जमतं तसं मराठीत जमत नाही, आणि कारण तांत्रिक नाही. ‘देवच भेटला’ हे कौतुक, ‘देवाघरी गेले’ हा मृत्यू, ‘देवाच्या भरवशावर सोडलं होतं’ ही तक्रार. बरं, ‘काही म्हणणं नाही’ हे वाक्य कुठल्या खान्यात टाकणार? ते लिहिणारा खूश आहे, घाबरलेला आहे, की म्हणून उपयोग नाही हे त्याला कळलंय? मी हे वाक्य दहा जणांना दाखवलं तर दहा जण वेगळं वर्गीकरण करतील, आणि तेवढ्यात दोन जण विचारतील, कोणी लिहिलंय, कुठल्या वॉर्डात होता. तेच बरोबर आहेत.

खासगी हॉस्पिटलांनी याला सोपा उपाय काढलाय: शेवट गोड करायचा. डॅनियल काह्नेमन आणि डोनाल्ड रेडलमायर यांच्या कोलोनोस्कोपीवरच्या प्रयोगांतून हे कळलं होतं, की माणूस वेदनेची बेरीज लक्षात ठेवत नाही, तिचं टोक आणि तिचा शेवट लक्षात ठेवतो. शेवटची काही मिनिटं कमी दुखली तर सगळी तपासणीच कमी त्रासाची वाटते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी गुलाबाचं फूल, ‘गेट वेल सून’चं कार्ड आणि लगोलग टॅब्लेटवर रेटिंग. गंमत अशी, की आपल्याकडे शेवट गोड होऊच शकत नाही, कारण शेवटी विम्याची मंजुरी असते. २०२४मध्ये विमा नियामकानं डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्या असा नियम केला, यावरूनच आधी काय चालत होतं ते समजावं. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पाचपैकी किती विचारलं, तर तो उपचारांना नाही, रांगेला गुण देणार.

तरीही एचकॅप्सचा फॉर्म मी टाकून देणार नाही. आपल्याकडच्या ‘उत्कृष्ट-चांगला-समाधानकारक’ कागदांपेक्षा तो फार पुढचा आहे. पहिले प्रश्न नर्सविषयी आहेत, डॉक्टर नंतर येतात. ज्यानं कोणी हा क्रम लावला त्यानं वॉर्डात रात्र काढलेली असणार. आणि वर ज्या २००८च्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात आणखी एक गोष्ट निघाली: रुग्णांच्या संख्येच्या मानानं नर्स जास्त असलेल्या हॉस्पिटलांना रुग्णांनी जास्त गुण दिले. म्हणजे किती वेळा आदरानं वागल्या, किती वेळा ऐकलं, बोलावल्यावर किती वेळात आल्या, या सगळ्या प्रश्नांच्या मागे बऱ्याच अंशी एकच प्रश्न उभा आहे. रात्री त्या वॉर्डात नर्स किती होत्या? त्यासाठी रुग्णाच्या घरी फॉर्म पाठवावा लागत नाही, आणि त्याला ‘नेहमी’ म्हणायला लावावं लागत नाही. ते ड्युटी रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या एकाही हॉस्पिटलच्या लिफ्टशेजारी तो आकडा लावलेला मी अजून पाहिलेला नाही.